मागची रांग आणि आमचा नवा कॅमेरा

मागच्या वेळी मी गटाच्या वह्या आणि अंतर्गत कर्जाबद्दल बोलले होते. आज बोलणार आहे कॅमेऱ्याबद्दल. "आमका कॅमेरो कित्याक?" असं कुणीतरी रेडिओ बंद करायच्या आधी म्हणेलच, म्हणून सुरुवातीलाच सांगते की हेही कर्जाचंच प्रकरण आहे. आमच्या गटाने पन्नास हजार रुपये काढून एक वस्तू घेतली आणि पहिल्याच महिन्यात ती वस्तू विकून टाकायचं बोलणं बैठकीत निघालं. ते का निघालं आणि पुढे काय झालं, ते आज सांगते.

आमचा गट बारा जणींचा. मालवणपासून थोडं आत, खाडीच्या अंगाला आमची वाडी. मसाला, आमसूल, आगळ, खाजा हे सगळ्याच गट करतात, तसं आम्हीही करतो. फोटोचं काम मागाहून आलं. आमच्यातल्या एकीच्या मुंबईच्या भाच्याने त्याचा जुना डिजिटल कॅमेरा तिला दिला. आधी आम्ही त्यावर आमच्या बाटल्यांचे फोटो काढले, लेबलसाठी. मग शेजारच्या गटाने बोलावलं. मग कुणाचं बारसं, कुणाचं डोहाळेजेवण. छोट्या कार्यक्रमाला तालुक्याहून फोटोग्राफर बोलावणं परवडत नाही, आणि दुसरं म्हणजे डोहाळेजेवणात झोपाळ्यावर बसलेल्या पोरीला समोर बाईमाणूस कॅमेरा घेऊन उभी असली की मोकळं वाटतं. एवढ्या एका गोष्टीवर आमचा धंदा चालला. कॅमेरा धरणाऱ्या आम्ही दोघी. मी, आणि बारावी झालेली आमच्यातली सगळ्यात धाकटी.

अडचण होती रात्रीची. आपल्याकडे जत्रा रात्री, दशावतार रात्री, लग्नाची वरात रात्री. जुन्या कॅमेऱ्याने दशावताराचे फोटो काढले की संकासुराच्या काळ्या अंगावर कुणीतरी मूठभर रवा भुरभुरल्यासारखं दिसायचं. फ्लॅश मारावा तर रंगवलेला चेहरा सपाट होतो आणि समोर बसलेले प्रेक्षक ओरडतात ते वेगळंच. चौकशी केली तेव्हा सगळ्यांनी एकच सांगितलं, फुल फ्रेम घ्या. नवा घेणं आवाक्याबाहेर होतं. वापरलेला मिळाला, सोबत एक ५० मिलिमीटरची लेन्स, एफ १.८ ची. सगळे मिळून पन्नास हजार. गटातून शेकडा एक रुपया महिना व्याजाने कर्ज, वीस हप्ते. कंपनीचं नाव सांगत नाही, जाहिरात नको.

फुल फ्रेम म्हणजे काय, हे मला तेव्हा कुणी नीट सांगितलं नाही म्हणून आधी सांगते. कॅमेऱ्याच्या आत जिथे चित्र उमटतं त्या चकतीला सेन्सर म्हणतात. फुल फ्रेममध्ये तो ३६ मिलिमीटर रुंद आणि २४ मिलिमीटर उंच असतो. म्हणजे पूर्वी स्टुडिओत जो रोल मिळायचा, त्यातल्या एका निगेटिव्हएवढा. घरात जुन्या निगेटिव्ह असतील तर एक काढून बघा, तेवढा. हे माप जर्मनीच्या ऑस्कर बार्नाक यांच्या लायका कॅमेऱ्यामुळे रूढ झालं. तो कॅमेरा १९२५ साली बाजारात आला. सिनेमाची फिल्म उभी धावायची, बार्नाकनी ती आडवी धाववली आणि चित्र दुप्पट मोठं केलं. डिजिटलमध्ये एवढा मोठा सेन्सर बनवणं फार महाग पडायचं, म्हणून बहुतेक कॅमेऱ्यांत छोटा सेन्सर आला, साधारण २३ बाय १५ मिलिमीटरचा. आमचा जुना कॅमेरा त्यातला. २००२ साली कॅननने फुल फ्रेम डिजिटल कॅमेरा आणला तो मोठ्या धंदेवाल्यांसाठी होता. २०१२ च्या सुमारास जरा कमी किमतीचे आले, आणि आता तेच वापरलेले म्हणून आपल्यासारख्यांपर्यंत पोचतायत. नव्याचा सेन्सर जुन्याच्या जवळजवळ अडीचपट. मोठं भांडं पावसात ठेवलं की पाणी जास्त जमतं, तसा मोठ्या सेन्सरवर प्रकाश जास्त जमतो, आणि रात्रीचा तो रवा कमी होतो. एवढं खरं होतं. फसवणूक कुणी केली नव्हती.

आता पहिलं काम. ग्रामसंघाची वार्षिक सभा होती. शेवटी सगळ्यांचा एकत्र फोटो. तीन रांगा केल्या. पुढे पोरीबाळी जमिनीवर, मध्ये खुर्च्यांवर पाहुण्या आणि पदाधिकारी, मागे बाकीच्या उभ्या. हॉलमध्ये उजेड बेताचा. मी लेन्स पूर्ण उघडी ठेवली, एफ १.८ वर, कारण तीच तर नवी गंमत होती. पुढच्या रांगेतल्या पोरीच्या डोळ्यांवर नेम धरला आणि बटण दाबलं. कॅमेऱ्याच्या मागच्या छोट्या पडद्यावर फोटो इतका सुरेख दिसला की मी धाकटीला म्हटलं, पन्नास हजार वसूल.

मोठी प्रिंट काढून आणली तेव्हा कळलं. पुढची रांग काचेसारखी स्वच्छ. खुर्चीवरच्या बऱ्या. मागची रांग धुक्यात. चेहरे आहेत, पण कुणाचे ते ओळखायला साडीवरून अंदाज करावा लागावा असे.

आणि मागच्या रांगेत कोण असतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. आपल्याकडे फोटो म्हटलं की काही बाया आपोआप मागे सरतात. कुणी सांगत नाही. म्हाताऱ्या सरतात, नवरा गेलेल्या सरतात, जिची साडी जुनी आहे ती सरते. २०२२ साली कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला, त्याच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्या, आमच्या सभेतही त्यावर टाळ्या झाल्या. टाळ्या झाल्या त्याच सभेचा हा फोटो.

गटातली एक आजी आहे, पंचाहत्तरीच्या पुढची, गट सुरू झाला तेव्हापासूनची सभासद, एकही हप्ता चुकवलेला नाही. तिने प्रिंट हातात घेतली, चष्मा पुसला, पुन्हा बघितली. म्हणाली, "गो, माझा तोंड खंय गेला?"

मला काही बोलता आलं नाही. दुसरी एक म्हणाली, "पन्नास हजार धुक्यासाठी घातलंव काय?" पुढच्या बैठकीत विषय आला. जुना कॅमेरो बरो होतो, हा विकून टाका आणि पैसे गटात परत भरा, असं सातजणींचं मत. आमचं दोघींचं मत, एक महिना द्या. एक महिना मिळाला, पण हप्ता चालूच राहील आणि दोघींनी तो स्वतःच्या खिशातून भरायचा, या अटीवर. अट योग्यच होती. मी समन्वयक आहे म्हणून मला सूट मिळाली असती तर उद्या दुसरीनेही मागितली असती.

तो महिना मी आणि धाकटीने दोघींनी मिळून डोकं लावलं. घरातल्या खुर्च्या अंगणात तीन रांगांत मांडल्या, त्यांवर नारळ ठेवले, नारळांवर कोळशाने नाक-डोळे काढले. सासूबाई म्हणाल्या, आता हिचं काही खरं नाही. पण नारळ हलत नाहीत, कंटाळत नाहीत आणि तोंड खंय गेला म्हणून विचारत नाहीत.

आम्हाला जे समजलं ते असं. लेन्सच्या आत एक भोक असतं, लहानमोठं होणारं. त्याचा आकडा म्हणजे तो एफ. गंमत अशी की आकडा लहान तर भोक मोठं, आकडा मोठा तर भोक लहान. भोक मोठं असलं की उजेड भरपूर येतो, पण जिथे नेम धरला त्याच्या पुढेमागे थोडाच पट्टा स्वच्छ येतो. भोक लहान केलं की पट्टा वाढतो. सुईत दोरा ओवताना आपण डोळे बारीक करतो ना, चष्मा हाताशी नसला की? तसंच. डोळे बारीक केले की अंधुक दिसणारं जरा ठसठशीत होतं.

मग जुन्या कॅमेऱ्यात हे का होत नव्हतं? एक कारण म्हणजे त्यावरची साधी झूम लेन्स मुळातच फार उघडायची नाही, आत फ्लॅश उडायचा, आम्ही सगळं ऑटोवर ठेवायचो आणि पट्टा आपसूक चारपाच हात मिळायचा. म्हणजे सगळा दोष मोठ्या सेन्सरचा नव्हता, माझाही होता. पण सेन्सरचाही होता, तो असा. जुन्या कॅमेऱ्याला तीच ५० ची लेन्स लावली तर छोटा सेन्सर चित्राचा मधलाच भाग पकडतो, म्हणून सगळ्या बाया मावायला मला सातसाडेसात मीटर मागे जावं लागलं असतं. फुल फ्रेमवर पाच मीटरवरूनच सगळ्या मावल्या. मी खूश झाले की हॉल लहान असला तरी चालतंय. पण जेवढं जवळ जावं तेवढा स्वच्छ पट्टा अरुंद होतो. पाच मीटरवरून एफ १.८ ला पुढच्या रांगेच्या मागे जेमतेम दोन फूट स्वच्छ येतं. जुन्याला मागे सरून तीनेक फूट मिळाले असते. आणि मागची रांग होती चार फुटांवर. हिशेब एवढाच होता. सभेच्या आधी कुणी खुर्च्यांमधलं अंतर फुटपट्टीने मोजत नाही, मीही मोजलं नव्हतं.

उपाय नारळांवर सापडला. नेम मधल्या रांगेवर धरायचा, कारण स्वच्छ पट्टा नेमाच्या पुढेही पसरतो आणि मागेही, मागे जरा जास्त. भोक एफ ८ वर आणायचं. दोन पावलं मागे सरायचं. आता एफ १.८ वरून एफ ८ वर आलं की उजेड जवळजवळ वीसपट कमी होतो, मग फोटो काळा पडणार. तिथे आयएसओ वाढवायचा, म्हणजे सेन्सरवर पडलेल्या उजेडाचं चित्र जास्त उजळ करायचं. मी आयएसओ ४०० वर काढत होते, तो ६४०० वर नेला, शटर किंचित हळू केलं, हिशेब जुळला. जुन्या कॅमेऱ्यात ६४०० म्हणजे नुसता रवा. नव्यात थोडी कणी दिसते, पण बोटभर मोठ्या चेहऱ्याचीही भुवई ओळखू येते. म्हणजे उघडी लेन्स आणि अंधुक मागचं हे या कॅमेऱ्याचं एक रूप झालं, त्याच्या जाहिरातीत तेच दाखवतात. आपल्या कामासाठी त्याचा उपयोग उलटा आहे. अंधारातही भोक लहान ठेवता येतं.

बाटल्यांच्या फोटोतही हेच झालं होतं. मसाल्याच्या बरणीचं लेबल स्वच्छ आणि शेजारची खाज्याची पुडी धुकट. गिऱ्हाईकाने विचारलं, पुडी ओली झालीये का? तिथे तर अजून जवळून काढायचं असतं, म्हणून एफ ११ पर्यंत जावं लागतं आणि कॅमेरा स्टँडवर ठेवावा लागतो. स्टँड नसेल तर पाट्यावर ठेवा, आम्ही तेच केलं.

पहिलं कोडं सुटलं तशी बाकीची दिसायला लागली. जुन्या लेन्सचं तर आधीच कळलं होतं. छोट्या सेन्सरसाठी बनवलेली लेन्स फुल फ्रेमला चालेलच असं नाही. कॅननची ईएफ-एस लेन्स फुल फ्रेम कॅमेऱ्यावर बसतच नाही. निकॉनची डीएक्स लेन्स बसते, पण कॅमेरा आपोआप सेन्सरचा मधला भागच वापरतो, म्हणजे पैसे मोठ्याचे आणि काम छोट्याचं. घेण्याआधी आपल्याकडच्या लेन्स बरोबर नेऊन, लावून बघा. आमच्या झूम लेन्सचा नव्यासाठी काहीच उपयोग झाला नाही आणि विकणाऱ्याने तोंडातून अक्षर काढलं नाही. मीही विचारलं नव्हतं.

मग कोपरे. नव्या कॅमेऱ्याने काढलेल्या मोकळ्या आभाळाच्या फोटोत चारही कोपरे मळकट दिसायला लागले, जुन्या आरशाच्या कडेसारखे. लेन्समधून येणारा उजेड मध्ये जास्त आणि कडेला कमी असतो. छोटा सेन्सर मधलाच भाग घ्यायचा, कडेचा कमीपणा त्याच्या बाहेर राहायचा. भाकरीच्या मधलाच घास खाणाऱ्याला कडा कच्ची राहिलीय हे कळत नाही, तसं. भोक लहान केलं की हेही बरंच कमी होतं, आणि बऱ्याच कॅमेऱ्यांत कोपरे उजळ करायची सोय आतच असते, ती चालू करून ठेवायची. आमची ती बंद होती. पहिले दोन महिने ते आम्हाला कळलंच नाही.

पण कडेचा खरा घोळ उजेडाचा नाही, चेहऱ्यांचा आहे. खोली लहान असली की रुंद लेन्स लावतात. आम्ही एकदा उसनी आणून लावली, २४ मिलिमीटरची. जुन्या कॅमेऱ्यावर तिने फार त्रास दिला नसता, फुल फ्रेमवर तिचा पूर्ण पसारा दिसतो. कडेला उभ्या असलेल्या दोघी आडव्या ताणल्या गेल्या, गाल एका बाजूला ओढल्यासारखे. त्यातली एक वयात आलेली मुलगी होती. तिने तो फोटो कुणाला दाखवू दिला नाही. मुलींच्या बाबतीत ही साधी गोष्ट नसते. आता मी रुंद लेन्सने माणसांचा फोटो काढतच नाही. जागा कमी असेल तर सगळ्यांना अंगणात आणते, नाहीतर दोन फोटो काढते. आणि चौकटीच्या दोन्ही कडांना थोडी रिकामी जागा सोडते, मग कडेला उभी असलेली बाई खऱ्या कडेला नसते.

आता जाळ्यांची गोष्ट. ही तुम्हाला आवडेल. किनाऱ्यावर वाळत घातलेल्या जाळ्यांचा फोटो काढला तर त्यावर रंगीत लाटा उमटल्या, हिरव्या-जांभळ्या. प्रत्यक्षात जाळं पांढरं. धाकटी घाबरली, म्हणाली कॅमेरा बिघडला. बिघडला नव्हता. मच्छरदाणीचे दोन पदर एकावर एक आले की त्यात वेड्यावाकड्या लहरी दिसतात ना, पदर हलवला की लहरी पळतात? सेन्सरवरही बारीक चौकोनांची जाळीच असते. समोरचं जाळं आणि आतली जाळी एकमेकांवर पडतात आणि लहरी तयार होतात. बारीक विणीच्या साडीवर, चौकड्याच्या लुगड्यावरही हे होतं. काही कॅमेऱ्यांत सेन्सरच्या पुढे एक काच असते, ती चित्र किंचित मऊ करून हे टाळते. काहींत चित्र जास्त धारदार यावं म्हणून ती काच काढलेली असते. आमच्यात नाही. उपाय सोपा आहे, एक पाऊल पुढे किंवा मागे व्हायचं, किंवा जरा तिरकं उभं राहायचं, लहर जाते. पण हे छोट्या पडद्यावर दिसत नाही, फोटो मोठा करून बघावा लागतो, आणि तोवर नवरी उठून जेवायला गेलेली असते.

लाल रंगाचं थोडक्यात सांगते. उन्हात वाळत घातलेल्या मिरच्यांचा फोटो नुसता लाल डाग आला, मिरचीला मिरची वेगळी दिसेना. लाल एकदम जास्त झाला की सेन्सर त्यातले बारकावे सोडून देतो. फोटो मुद्दाम जरा काळपट काढायचा, मग उजळ करायचा. शालू आणि कुंकवालाही हेच.

डागांचं मात्र सविस्तर सांगते, कारण तो आपल्या किनाऱ्याचा खास त्रास आहे. धाकटीने सिंधुदुर्ग किल्ल्याचा फोटो काढला, वर निळं आभाळ, भोक अगदी लहान, एफ १६. किल्ल्याच्या वर एक काळपट ठिपका. मी म्हटलं, घार छान पकडलीस. पुढच्या फोटोत घार तिथेच. त्याच्या पुढच्यात, बोटीच्या फोटोत, घार तिथेच. लेन्स बदलताना आत गेलेला धुळीचा कण सेन्सरवर बसला होता. भोक लहान असलं की तो ठळक दिसतो, मोठं असलं की विरघळून जातो, म्हणून दशावताराच्या फोटोंत तो कधी दिसलाच नव्हता. समुद्रावर, वाऱ्यात लेन्स बदलायची नाही. बदलावीच लागली तर वाऱ्याकडे पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून. तोंडाने फुंकर मारायची नाही, थुंकीचे तुषार जातात आणि ते धुळीपेक्षा वाईट. रबरी फुग्याने हवा मारायची. तेवढ्यानं गेलं नाही तर साफ करणाऱ्याकडे द्यायचं, पदराचं टोक आत घालायचं नाही. हे मी हसत सांगतेय, पण कुणीतरी ते केलंय. कोण ते सांगत नाही.

आणि पावसाळा. जून ते सप्टेंबर आपल्याकडे लोणच्याच्या बरणीच्या झाकणावरही बुरशी धरते, तर लेन्सला का नाही धरणार? काचेच्या आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे पसरतात, आणि एकदा रुजले की काच कायमची खराब होऊ शकते. आम्ही घट्ट झाकणाचा डबा घेतला, त्यात सिलिका जेलच्या पुड्या. रंग बदलणारं जेल घ्यावं, ओल शोषून त्याचा रंग बदलला की मंद आचेवर कोरडं करून पुन्हा वापरता येतं. तांदळात ठेवा असं बऱ्याच जणी सांगतात. ठेवू नका, तांदळाची पावडर सगळ्या फटींत जाते. आणि कॅमेरा महिनोन्महिने डब्यात कोंडूनही ठेवू नका, काढा, वापरा, ऊन बघू दे त्याला.

एका बाबतीत जुना कॅमेराच जिंकला. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बाया कांदळवन सफारी चालवतात, तुमच्यापैकी बऱ्याच जणी जाऊन आल्या असतील. होडी वल्हवत त्या माणसाला कांदळाच्या जाती दाखवतात, पक्षी दाखवतात. आम्ही गेलो तेव्हा नवा कॅमेरा मिरवत नेला, लांबचं दिसणारी ३०० ची लेन्स लावून. खंड्या बसला होता फांदीवर, फोटोत तो निळ्या टाचणीएवढा. छोट्या सेन्सरवर तीच लेन्स ४५० सारखी काम करते, कारण मधलाच भाग पकडला जातो. कुणी म्हणेल, फोटो नंतर कापा. २४ मेगापिक्सेलचा फोटो तेवढा कापला तर दहाएकच उरतात. म्हणून जुना विकला नाही. पक्षी, शाळेतल्या पोरांच्या शर्यती, भर उजेडातलं काम त्यावर. रात्र आणि घराच्या आतलं काम नव्यावर. मोठ्या सेन्सरवाला येतो म्हणून लहान सेन्सरवाला अडगळीत टाकणाऱ्यांचं मला आता आश्चर्य वाटतं.

आणि मोठ्याचा फार रुबाबही नको. होमाय व्यारावाला यांचं नाव ऐकलंय का? भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. १९१३ साली जन्म, मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकल्या, दिल्लीत साडी नेसून सायकलवरून फोटो काढत फिरायच्या. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळालं. त्यांच्याकडच्या रॉलिफ्लेक्समध्ये निगेटिव्ह सहा बाय सहा सेंटिमीटरची, म्हणजे आमच्या पन्नास हजारांच्या सेन्सरपेक्षा कितीतरी मोठी. नेम हाताने धरायचा, उजेड डोळ्याने मोजायचा आणि फोटो कसा आला ते रात्री धुतल्यावरच कळायचं. आम्हाला निदान नारळ होते आणि मागे पडदा होता.

महिना संपला तेव्हा आम्ही बैठकीत प्रिंट नेल्या नाहीत. सगळ्यांना बाहेर बोलावलं, म्हटलं पुन्हा फोटो काढूया, आणि तुमच्यासमोर बघूया. पुन्हा तीन रांगा. पुन्हा तेच, ज्या मागे सरायच्या त्या मागे सरल्या. मी आजीला म्हटलं, तुम्ही पुढे या. ती म्हणाली, "नको गो, माका हयच बरा." मी आग्रह केला नाही. तिला पुढे ओढून बसवलं असतं तर ती फोटोभर अवघडून बसली असती, आणि माझं काम तिची जागा बदलण्याचं नव्हतं. ती जिथे उभी आहे तिथे ती नीट दिसायला हवी होती. एफ ८, नेम मधल्या रांगेवर, दोन पावलं मागे. पाठीमागून कुणीतरी ओरडलंच, "वायच आणि मागे सर गो, पडशीत विहिरीत!"

प्रिंट आली. मागच्या रांगेतल्या सात जणींची तोंडं मोजून घेतली, सगळी होती. कॅमेरा ठेवायचा असं ठरलं, आठ विरुद्ध चार. त्या चौघींचं म्हणणं अजून तेच आहे की एवढ्या पैशांत मसाल्याचं नवं दळणयंत्र आलं असतं, आणि ते अगदीच चुकीचं आहे असं मी म्हणणार नाही. महिनाभराचा हप्ता आम्हा दोघींच्या खिशातून गेला तो गेलाच. वीसपैकी सात हप्ते अजून बाकी आहेत. गेल्या जत्रेत दशावताराच्या दोन रात्री काम मिळालं, त्यातून दोन हप्ते सुटले.

आजीने प्रिंट घरी नेली. चार दिवसांनी वाटेत भेटली, थांबली, हनुवटीवर बोट ठेवून म्हणाली, "फोटोत माझो तीळ दिसता गो. घोवान एकदा सांगल्यान होता तीळ आसा म्हणान, मी आरशात कधी नीट बघूकच नाय."

पुढच्या बुधवारी, याच वेळी, आमच्यातली धाकटी येणार आहे. मोबाईलनेच बाटल्यांचे फोटो कसे काढायचे ते ती सांगेल. पाटा आणि एक पांढरी चादर जवळ ठेवा. नमस्कार.